एका धारेपुरतं आयुष्य

दचकू नका. बोलणारी मी आहे. या कोपऱ्यातल्या लाल पिशवीत सगळ्यात वर गुंडाळून पडलेली बारीक नळी दिसते ना, तीच. संध्याकाळी दवाखान्याच्या कचऱ्याची गाडी येईल आणि मला घेऊन जाईल. तोवर तुमच्याशी चार शब्द बोलावेत म्हणते. आणि नाक मुरडू नका हो! लघवीच्या वाटेत घालायची नळी म्हटलं की माणसं लगेच तोंड फिरवतात. काय खाल्लं, किती खाल्लं, यावर दिवसभर बोलतील. पण जे बाहेर पडल्याशिवाय एक दिवस निघत नाही, त्याचं नाव काढलं की कानकोंडी होतात. मला नाही बाई लाज वाटत. माझं कामच ते आहे.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथं औषधाला धूळ नव्हती. पांढरे कपडे घातलेल्या मुली आम्हाला हाताळायच्या, त्यांचे फक्त डोळे दिसायचे. मी शेवयीसारखी लांबच लांब निघाले. मग मला कापलं, टोक गुळगुळीत केलं, अंगावर सेंटिमीटरच्या खुणा उमटवल्या. एवढ्याशा अंगात माझ्या तीन वाटा आहेत, सांगून खरं वाटायचं नाही. एका वाटेनं मूत्राशयात पाणी सोडतात. दुसरी मूत्राशयातला दाब सांगते. तिसरीचं तोंड टोकापासून जरा मागं, कुशीला आहे. ते मूत्रमार्गातला दाब सांगतं.

मग मला पाकिटात बंद केलं. पाकिटावर छापलं होतं, 'एकदाच वापरा'. ते वाचून माझ्या शेजारणी हिरमुसल्या. एकदाच? एवढी नटूनथटून निघालो ती एका वापरासाठी? मला मात्र तसं वाटलं नाही. एकच माणूस आपल्या वाट्याला येणार, तर तो आपला माणूस, असं मी मनाशी धरून बसले. कोण असेल, कुठल्या गावचा असेल, याचाच विचार करायची.

धाराशिवच्या या दवाखान्यात आले ती थेट कपाटात. बोलायला मी इथंच शिकले. भिंतीपलीकडं पेशंटचं बाकडं आहे, तिथं दिवसभर सोनारी, माकणी, लोहारा, परंडा, सगळीकडची माणसं टेकलेली असतात. 'लई तरास हाय बगा' असं कुणी म्हणालं की मी कान टवकारायची. पाकिटात बसल्या बसल्या निम्म्या जिल्ह्याची दुखणी मला पाठ झाली.

माझं काम काय ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. शेतात मोटारीच्या पाइपवर कुणाचा पाय पडलेला पाहिलाय ना तुम्ही? पायाच्या अलीकडं पाइप टरटरून फुगतो आणि पलीकडं मऊ पडतो. माणसाचंही तसंच. लघवी अडली की दोनच शक्यता. एक तर पुढची वाट कुठंतरी आवळलीय, नाहीतर मागचा जोरच सरलाय. वरून बघाल तर दोन्ही सारखंच दिसतं. पण वाट आवळली असेल तर ऑपरेशन करून मोकळी करता येते. जोरच सरला असेल तर वाट कितीही मोठी करा, येणार काय तिच्यातून?

हे ओळखायचं तर माणूस लघवी करत असतानाच मला हळूहळू बाहेर ओढावं लागतं. दाब कुठवर टिकला आणि कुठं एकदम खाली आला, ते मी ओढली जाता जाता सांगते. अट एकच. धार चालू पाहिजे. धार थांबली की मी मुकी.

माझा माणूस आज सकाळी आला. जैनोद्दीनचाचा, आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीचे.

वाशीच्या बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे. पुढं दुकान, मध्ये पडदा, पडद्याआड घर. सोबत त्यांच्या बायको होत्या, सकिनाबी. चाचांच्या मांडीला लघवीची पिशवी बांधलेली होती. काही महिन्यांपूर्वी एका सकाळी त्यांची लघवी साफ बंद झाली, तेव्हा नळी घालून ती पिशवी लावली गेली. नळी काढून बघितली तर पुन्हा बंद. पुन्हा पिशवी. त्यांना साखरही आहे. एका डॉक्टरांनी सांगून टाकलं की साखरेनं मूत्राशय दमलेलं दिसतंय, ऑपरेशनचा उपयोग होईलच असं नाही, पिशवीची सवय करून घ्या.

"सवय कशी करू, मॅडम?" चाचा इथल्या डॉक्टर महेश्वरींना म्हणाले. "लग्नाची पोर माझ्यासमोर बसती. तिचा हात माझ्या हातात असतो. अन् माझ्या मांडीला ही असली पिशवी? म्या दुकानात बसायचंच सोडलंय. मशिदीत बी जाईना झालोय. घरीच पढतो नमाज."

"माझा हात चालत न्हाय त्यांच्यासारखा," सकिनाबी म्हणाल्या. "पोरी येतात, चाचा कुठं म्हणतात, अन् माघारी जातात."

महेश्वरी मॅडम तरुण आहेत, बोलायला मोकळ्या. त्या म्हणाल्या, "चाचा, पिशवी कायमची ठेवायची का काढायची, ते मी आत्ता सांगणार नाही. अंदाजानं तर नाहीच सांगणार. आज तपासून बघू."

ते 'तपासून' म्हणजे मी! पाकीट फाडल्याचा आवाज झाला आणि माझ्या अंगावर उजेड पडला. 

नळी घालायचं काम श्रीनाथ ब्रदरचं. आधी जुनी नळी काढली, मग माझं टोक बुळबुळीत मलमात बुडवलं. चाचांचं अंग ताठ झालं होतं. श्रीनाथ म्हणाला, "चाचा, आवळू नका. अंग सैल सोडा. सैल सोडलं की दुखत नाही."

चाचांना हसू फुटलं. "अरे बाबा, हे माझंच वाक्य हाय. किती नवऱ्या पोरींना म्हणलो असेन म्या. हात सैल सोड बेटा, मूठ आवळू नको, बांगडी आपोआप जाती. आज मलाच ऐकायचं आलं बघ."

त्या हसण्यात त्यांचं अंग सैल पडलं आणि मी अलगद आत गेले. माझी एक मैत्रीण मागच्या दारानं गेली. पोटानं कुंथून किती जोर लावला, ते ती सांगते, म्हणजे मूत्राशयाचा स्वतःचा जोर किती ते वेगळं काढता येतं. तिच्याविषयी जास्त बोलत नाही. तिनंच सांगितलंय, माझं नाव घेऊ नकोस म्हणून.

मॅडम पडद्यापलीकडं मशीनसमोर बसल्या, चाचांना संकोच नको म्हणून. माझ्यातून पाणी आत जाऊ लागलं.

"चाचा, लघवी लागल्यासारखं वाटलं की सांगा हं."

"व्हय, सांगतो."

पाणी चढत गेलं. 

"लागली का?"

"न्हाय मॅडम."

आणखी पाणी. आता मी आत होते, मला कळत होतं. मूत्राशयाची भिंत ताणत चालली होती. मध्येच ती आवळायची, पुन्हा सैल पडायची. चाचांच्या कपाळावर घाम आला होता, पायाची बोटं वळली होती. आणि हा माणूस म्हणतो, न्हाय! मी कळवळले. अहो चाचा, बोला की! लागल्याचं कळतच नाही असं मॅडमना वाटलं, तर त्या दमलेल्या मूत्राशयाचाच संशय घेतील. मग तीच पिशवी जन्मभर. पण माझा आवाज मशीनच्या रेघेपलीकडं कुठं पोचतोय?

रेघ मात्र पोचली. महेश्वरी मॅडमनी पाणी थांबवलं. "चाचा, इथं मशीनवर दिसतंय मला. तुम्हाला लागलीय. मग नाही का म्हणताय?"

चाचा लाजले.  मग म्हणाले, "मॅडम, लागली असं म्हणायची सवयच न्हाय मला. हातात बाईचा हात असला, अर्ध्या बांगड्या भरलेल्या असल्या, की उठायचं नसतंय. अर्धा हात सोडून कासार उठला तर तिला अशुभ वाटतं. मंग दाबून धरायची. सोनारीला भैरोबाच्या जत्रंत तर एकीचा हात झाला की दुसरी हात पुढं करती. सकाळी बसलो की दिवस मावळंपर्यंत तसाच. वडील बी तसंच करायचे. कुणी विचारलं तर न्हाय म्हणायचं, बास."

"अहो काय हे!" मॅडम म्हणाल्या, रागावून आणि हसूनही. "बायकांच्या हातांना जपलंत आणि स्वतःचे हाल केलेत! बरं, आता इथं कुणाचा हात नाहीये तुमच्या हातात. करा मोकळं."

श्रीनाथनं त्यांना उभं केलं. समोर नरसाळं, त्याखाली धार मोजणारं यंत्र. चाचा उभे राहिले. नुसतेच उभे राहिले. एक थेंब नाही. नळ सोडला, पाण्याचा आवाज केला. काही नाही. मॅडमनी विचारलं, "पिशवी लागायच्या आधी घरी कसं करायचात?" चाचा म्हणाले, "बसून. उभ्यानं कधीच केली न्हाय." मग पलंगावर चढायच्या दोन बुटक्या लाकडी पायऱ्या ओढल्या, मध्ये नरसाळं ठेवलं आणि दाब मोजणारी डबी चाचांच्या ओटीपोटाच्या पातळीला खाली घेतली. गुडघे कुरकुरले, पण चाचा उकिडवे बसले.

तरी नाही.

 आत भिंत धडका देत होती आणि दार काही उघडेना. ते दार आवळणारे चाचाच होते, आणि सोडायचं कसं तेच त्यांना आठवेना. श्रीनाथ हळूच म्हणाला, "मॅडम, आज राहू दे का?"  आज राहिलं म्हणजे माझं कायमचं राहिलं. आणि चाचांना तर पुन्हा यायलाही तोंड उरलं नसतं. ते मान खाली घालून पुटपुटत होते, "आता कसली जाती ती पिशवी."

महेश्वरी मॅडम पडद्याजवळ आल्या. "चाचा, एक सांगा. दुकानातून उठता तरी कधी मग? शेवटी उठतच असाल की."

"सकिना हाक मारती आतून. ती पडद्यातून बघत असती. शेवटची बाई पायरी उतरली की हाक मारती. मंग उठतो अन् जातो."

"इतकी वर्षं?"

"लग्न झाल्यापासनं."

मॅडम दाराशी गेल्या आणि सकिनाबींना आत घेऊन आल्या. पडद्याच्या पलीकडं उभं केलं, काय करायचं ते कानात सांगितलं. सकिनाबींचा आवाज पदराआडून आला. "या अल्ला! इथं? एवढ्या माणसांत?"

"माणसं कुठली? मी आणि श्रीनाथ. मारा हाक."

सकिनाबी कसंबसं पुटपुटल्या. काही झालं नाही. चाचांनी ऐकलंही नसेल.  मग तिनं मोठा श्वास घेतलेला मला ऐकू आला. आणि एकदम तिनं अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी हाक मारली,

"अजी! बाई गई! उठो अब!"

बाई गेली, उठा आता. बास, एवढंच. चाचांचे खांदे खाली आले. आतून मला मोठा लोंढा जाणवला. पूर्ण भरलेलं मूत्राशय जोरात आवळलं, दार उघडलं आणि माझ्या अंगाला घासून पाणी पुढं निघालं. बाहेर बारीक धार. बारीक, पण सलग!

"श्रीनाथ, ओढ. हळू!"

आली माझी वेळ. श्रीनाथनं एकेक खूण मोजत मला मागं ओढायला सुरुवात केली. माझं कुशीचं तोंड मूत्राशयातून मूत्रमार्गात शिरलं. दाब तेवढाच. जोर तर असा, की मीच चकित झाले. कोण म्हणालं हे मूत्राशय दमलंय? हे तर पहिलवान निघालं! आणखी मागं. अजून तेवढाच. प्रोस्टेटच्या गाठीतून जाताना दोन्ही बाजूंनी मला चेपल्यासारखं झालं. आणि ती अरुंद जागा ओलांडली मात्र, दाब धपकन खाली आला. पाइपवर पडलेला पाय मला सापडला होता. जेवढा जीव होता तेवढा लावून मी रेघ पाठवली.

"थांब!" मॅडमचा आवाज चढला. "मिळालं. इथंच आहे. चाचा, झालं तुमचं. शाब्बास!"

धार थांबली. आत बरंच उरलं होतं, पण माझं काम झालं होतं. मी बाहेर आले आणि ट्रेमध्ये पडले. माझा जीव भांड्यात पडला म्हणा ना.

नवी नळी, तीच पिशवी पुन्हा लागली. चाचांचा चेहरा पडला, तेव्हा मॅडमनी त्यांना आणि सकिनाबींना समोर बसवून नीट सांगितलं. मूत्राशयात जोर आहे, चांगला आहे. वाट गाठीनं आवळलीय. गाठ कोरून वाट मोकळी केली की धार सुटेल असा मला भरवसा आहे. साखर आटोक्यात आणू आणि ऑपरेशनची तारीख धरू. तोवर ही पिशवी पाहुणी समजा.

"मंग... काढायची?" सकिनाबींनी विचारलं. "म्हंजी, दुकानात बसतील हे?"

"बसतील. पण मध्ये मध्ये उठायचं. अर्धा हात राहिला तरी उठायचं. बायकांना मी सांगते येऊन हवं तर."

"उठीन, मॅडम," चाचा म्हणाले. "लागली तर लागली म्हणीन. कबूल." आणि मग हा एवढा मोठा माणूस टोपी काढून तिच्यात तोंड लपवून रडला. सकिनाबी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. श्रीनाथ उगाच कपाट लावत बसला.

आता तुम्हाला एक मागणं मागते, मग मोकळी होते. बसमध्ये, रानात, शाळेत, दुकानात, सासरी, जिथं असाल तिथं, लागली की सांगा आणि उठा. बायांनो, तुम्ही तर दिवस दिवस धरून बसता, तुम्हाला विशेष सांगते. आणि अडत असेल तर लपवू नका. मूत्राशय फार गुणी असतं हो. मुकाट्यानं सोसत राहतं, तक्रारच करत नाही. तुम्ही तरी त्याच्या वतीनं बोला.

मला विचाराल तर माझं भलं झालं. कपाटात मुदत संपून कितीतरी जणी न वापरता गेल्या, मला माहीत आहे. मला माणूस मिळाला, तोही जैनोद्दीनचाचांसारखा. गाडी येईल. मग मला वाफेत उकळतील, तुकडे करतील, वितळवतील. पुढं बादली होईन का खुर्ची, देव जाणे. या मॅडमचे, श्रीनाथचे, त्या पांढऱ्या कपड्यांतल्या मुलींचे आणि विशेष करून त्या हाकेचे माझ्यावर उपकार आहेत.

हां, एक सांगायचं राहिलंच. निघता निघता चाचा दारातून परत फिरले. "बाबा," श्रीनाथला म्हणाले, "ती कुठाय?"

"कोण?"

"नळी ती. जिनं शोधून काढलं."

श्रीनाथनं लाल पिशवीकडं बोट केलं. चाचा हळूहळू इथवर आले, गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि माझ्याकडं बघत राहिले. इतक्या जवळून त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला. हात भरून झाला की बाया कासाराला वाकून नमस्कार करतात म्हणे. त्या कासारानं मला कपाळाला हात लावून सलाम केला. मग बोटं माझ्याकडं आणली.

"चाचा, चाचा! हात नका लावू," श्रीनाथ धावला. "घाण आहे ती."

"घाण माझी हाय, बाबा," चाचा म्हणाले. "तिची कुठाय?"